माडाचा भुसा

मावशींच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरचा माड रोगी असल्याचा निकाल त्यांच्या भाचीनेच आणला. ती झाडांच्या रोगांच्या प्रयोगशाळेत तपासनीस होती. किनाऱ्यावरचे माड पिवळे पडून मरत होते. एक बारीक तुडतुडा रस शोषताना जिवाणू एका झाडातून दुसऱ्यात सोडत होता. ज्या माडात ते सापडतील तो तोडायचा, असा आदेश होता.

"तोडा की! आधी मला तोडा," मावशी म्हणाल्या. "नळीत काय बघतेस? वर बघ जरा."

भाची गच्चीवर गेली. खालच्या झावळ्या पिवळ्या होत्या खऱ्या. पण नवा फुलोरा टवटवीत होता, त्यावर मधमाश्या घोंगावत होत्या. या रोगात फुलोरा काळा पडतो, नारळ कच्चेच गळतात. इथे एकही गळला नव्हता.

ती धावतच खाली आली. "मावशी, त्या दिवशी नमुना घेताना मी गॅसची बत्ती पेटवली, तेव्हा तू काय केलंस?"

"बंद केली. माझ्या झाडाला चटका द्यायला निघाली होतीस!"

"झाडाला नाही गं, गिरमिटाला!"

खोडाला भोक पाडून आतला भुसा तपासतात. आधीच्या झाडाचे जिवाणू राहू नयेत म्हणून प्रत्येक झाडानंतर गिरमिटाचं पातं जाळून घ्यायचं असतं. त्या दिवशी ते आधी शेजारच्या निवृत्त पोस्टमनच्या रोगी माडात फिरलं होतं. मावशींच्या आरडाओरड्यापुढे भाचीने ते नुसतं फडक्याने पुसलं होतं.

दुसऱ्या खेपेला बत्ती मावशींनीच धरली. "अजून लाल होऊ दे," असं त्याच बजावत होत्या. मग प्रयोगशाळेत फोनवर फोन: "शिजलं का गं?"

निकाल स्वच्छ आला. मावशींचा माड खतावाचून उपाशी होता, इतकंच.

"म्हणजे माझा भुसा तुमच्या नावावर गेला तर," पोस्टमन कुंपणापलीकडून म्हणाले.

"जन्मभर लोकांची पत्रं माझ्या दारात टाकलीत. आता रोगही टाका!"

ते हसले, पण नजर स्वतःच्या माडाकडे गेली. तो उद्या तोडायचा होता. मावशी कुंपणापाशी गेल्या.

"नारळ माझ्याकडून न्या."

"निम्मे?"

"तिसरा हिस्सा. आणि उतरवायला माणूस तुम्ही आणायचा."