सकुआत्यासाठी घुमलेला थाळ

दिवा लागला तसे हर्षालीने लॅपटॉपला हात जोडले. सकाळपासून तिच्या पोटात पाण्याचा घोटही नव्हता. थाळ वाजवणाऱ्याने गाणं संपेपर्यंत निर्जळी राहायचं, अशी पाड्याची रीत. एवढं तिला जमण्यासारखं होतं. पुढचं देवाच्या हाती.

सकुआत्याला जाऊन बारा दिवस झाले होते. आज पाड्याचा म्हातारा गाणारा नवसूबाबा गाऊन तिला वाट सांगणार होता, पार पूर्वजांच्या अंगणापर्यंतची. पितळी थाळीवर मेणाने काडी उभी चिकटवायची आणि चिमटीने वरून खाली ओढत राहायची. थाळी घुमते, त्या घुमण्यावर गाणं चालतं. पण माघात नवसूबाबाचा उजवा हात लुळा पडला, आणि काडी ओढणारी दुसरी चिमटी आता जवळपासच्या चार पाड्यांत उरली नव्हती. थाळाविना गाणं नाही, गाण्याविना आत्याला वाट नाही. म्हणून आत्याची लेक प्रेमा रडतरडत हर्षालीकडे आली होती. "मुरबाडला हळदीत तू त्या डब्यातनं सनई काढतेस, ढोल काढतेस. आईपुरता हा एक आवाज काढ गो."

आवाज निघाला होता. पण तो नवसूबाबाला ऐकवायचा कसा? मेलेल्या माणसाच्या दिव्याशिवाय थाळ गाणाऱ्याच्या कानी पडला, तर तो त्या जित्यालाच पलीकडे बोलावतो. तिने हेडफोन पुढे केला, तेव्हा म्हातारा मागे सरकला होता. "माझ्या एकट्याच्या कानात वाजला, म्हंजे माझ्यासाठीच वाजला ना गो?"

त्यामुळे त्याने तो आत्ता पहिल्यांदाच ऐकला.

हर्षालीने लॅपटॉपला जोडलेल्या की-बोर्डची पट्टी दाबली. थाळी घुमली. बायांनी पदर सावरले. नवसूबाबाने आत्याचं नाव घेऊन पहिली ओळ उचलली आणि मध्येच टाकली.

"ही तर पयल्यापासूनच थरथरते."

"थंडी भरली असंल," दाराशी बसलेला भगीरथ पुटपुटला. "नायतर हळदीचा बेंजो लागलाय."

"गप रे," प्रेमा म्हणाली.

हर्षालीने पडद्याकडे पाहिलं. सुराला झोका देणारी एक संथ लाट असते. ती स्वतः ऐकू येत नाही, फक्त सुराला खाली-वर हलवते. एलएफओ म्हणतात तिला. तिने ही लाट पट्टी दाबल्याक्षणी सुरू होईल अशी ठेवली होती. आता तिला आठवलं, लहानपणी पाहिलेली नवसूबाबाची चिमटी काडीच्या मध्यावर येईस्तोवर थाळी सरळ घुमायची आणि मग डुलायची. तिने लाट उशिरा सुरू केली, हळूहळू चढेल अशी केली, वेगही उतरवला.

"परत घे बाबा."

या वेळी तो आठ ओळी गेला. आत्या घरातून निघाली, विहिरीवरून गेली, नदीला पोचली. हर्षालीचा श्वास सुटतो न सुटतो तोच नवसूबाबा थांबला. थाळ मात्र डुलतच राहिला.

"बघ. मी दम घ्यायला थांबलो, ह्याला पत्ताच नाय. दर येळंला तेवढाच झुलतो. मी रडलो तरी तेवढाच." त्याने डोळे पुसले. "दोनदा तुटलं, पोरी. तिसऱ्यांदा तुटलं की उठायचं. सकू नदीच्या अलीकडंच राहील."

प्रेमा दिव्याला हाताचा आडोसा धरून बसली होती.

हर्षाली पडद्याकडे वळली. पडद्यावर आकडे होते: वेग, खोली, उशीर. बारा दिवस ती त्या आकड्यांतच चाचपडत होती. आणि एकदम तिला कळलं की आकडा कुठलाही ठेवला तरी तो बाबाकडे बघणार नाही. बघायचं तिने होतं. की-बोर्डच्या कडेला एक लहानसं चाक होतं. तिने लाटेची खोली त्या चाकाला जोडली. आता चाक फिरवलं तरच सूर डुलणार, सोडलं तर सरळ.

"माझ्याकडं बघू नको," ती म्हणाली. "तू गा."

तिने डोळे त्याच्या गळ्यावर लावले. गळ्याची शीर ताठली की बोट वर, शब्द विरला की बोट खाली. नदी आली. त्याचा आवाज पिळवटला, तिने चाक पुरतं चढवलं. तो दम घ्यायला थांबला, तीही थांबली. बोटाला वळ पडला, खांद्यात कळ आली. पण बोट चाकावरून निघालं नाही. नदीपलीकडची वाट, डोंगर, उंबराचं झाड. शेवटी पूर्वजांची नावं आली, आणि त्यांच्या ओळीत सकूचं. नवसूबाबाने हात जमिनीला टेकला.

प्रेमा तेव्हा पहिल्यांदा मोकळी रडली.

"पोचली," नवसूबाबा म्हणाला. उठणाऱ्यांना त्याने हाताने बसवलं. "आदी थाळ मोड. मेण खरवडल्याबिगर उंबरा वलांडता येत नाय."

हर्षालीला क्षणभर कळेना. मग कळलं. बारा दिवसांचा तो आवाज पुसायचा. तिने त्याची दुसरी प्रतही कुठे उतरवून ठेवली नव्हती.

"पुढं कुणाचं काय झालं तर, बाबा?"

"तर नवं मेण. त्याच्या नावाचं."

सगळे बसून होते, तिच्याकडे बघत. तिने आवाज पुसला. मग प्रेमाने तिच्या ओठांना पाण्याचा तांब्या लावला.