फव्वाजसाहेबांनी दिलेलं आयुष्य

किंगा आमच्याकडे आली ती सप्टेंबरातल्या एका रविवारी, दोन बॅगा आणि विटेएवढा जाड शब्दकोश घेऊन. पोलंडात तीन वर्षं ती अरबी शिकली होती, आणि चौथं वर्ष अम्मानमध्ये राहून शिकायचं असा तिच्या विद्यापीठाचा नियम होता. धाकटीचं लग्न झाल्यापासून माझी मागची खोली रिकामी होती. मी शाळेत शिवणकाम शिकवून निवृत्त झालेली विधवा बाई. घरात कुणीतरी वावरतं असावं, म्हणून मी ती खोली द्यायला तयार झाले.

दारात उभी राहून ती म्हणाली, "हे आदरणीय महोदये, आपल्या निवासस्थानी प्रवेश करण्याची अनुज्ञा असावी."

मला वाटलं, आत रेडिओ चालू राहिला. अशी अरबी आम्ही बातम्यांत ऐकतो, नाहीतर शुक्रवारच्या प्रवचनात. मी म्हटलं, "अगं ये की, चपला तिथं सार कोपऱ्यात." ती जागची हलेना. तीन वर्षं शिकलेली भाषा एका बाजूला आणि माझ्या तोंडची दुसऱ्या बाजूला, मध्ये नुसता खड्डा.

पहिले दिवस असेच गेले. आमच्याकडे पाणी आठवड्यातून एकदाच येतं, सोमवारी. गच्चीवरची टाकी भरायची आणि पुढच्या सोमवारपर्यंत पुरवायची. मी तिला हे सांगितलं, तिनं मान डोलावली, आणि मंगळवार दुपारपर्यंत अंघोळी करून करून टाकी निम्मी केली. सकाळी गॅसची गाडी गाणं वाजवत आली तेव्हा ही वाडगा घेऊन खाली धावली. तिला वाटलं आइस्क्रीम आलं. नळवाला "उद्या येतो, इन्शाल्ला" म्हणाला, तर ही सकाळपासून दाराशी खुर्ची टाकून बसली. संध्याकाळी मला विचारते, तो कुठल्या संकटात तर सापडला नाही ना?

चिडायची नाही बिचारी. नुसती बघत राहायची, आणि प्रत्येक न कळलेला शब्द, कानाला ऐकू येईल तसा, वहीत लिहून घ्यायची.

मंगळवारी रात्री झर्काहून थोरलीचा फोन आला. नातवाला ताप होता. निघताना मी किंगाला सांगितलं, की गुरुवारी संध्याकाळी आपल्याच गल्लीत शिंप्याच्या मुलीच्या लग्नाचा समारंभ आहे, मांडव दिसेल, चांगले कपडे घाल, मिठाई घेऊन जा, मी परस्पर तिथंच येते. हे मी तीनदा सांगितलं, सावकाश. आणि तिला खरोखरच सगळं समजलं होतं.

मला ठाऊक नव्हतं ते पुढचं. बुधवारी पहाटे आमच्या शेजारचे फव्वाजसाहेब वारले. भूमापन खात्यातले निवृत्त कारकून. दुपारी दफन झालं. शिंप्यानं शेजारधर्म म्हणून समारंभ पुढे ढकलला. गल्लीत मांडव पडला तो फव्वाजसाहेबांच्या दारात, मातमाला, म्हणजे समाचाराला, येणाऱ्या पुरुषमंडळींचा.

गुरुवारी सकाळी किंगा दूध आणायला गेली, तेव्हा वाणी अबू हुस्नी तिला म्हणाला, "फव्वाजसाहेबांनी त्यांचं आयुष्य तुला दिलं."

आमच्यात कुणी गेलं की असंच म्हणतात. 'मेले' हा शब्द तोंडात यायला नको म्हणून. पण किंगानं शब्दकोश उघडला. 'आयुष्य' सापडलं, 'दिलं' सापडलं, 'तुला' तर येतच होतं. तिला वाटलं, हे नवरीचे वडील असणार, आणि समारंभाच्या आधी परक्या मुलीलाही दीर्घायुष्याचा आशीर्वाद देण्याची इथली रीत असणार. तिला फार बरं वाटलं. तिनं केशरी फ्रॉक इस्त्री केला आणि किलोभर बकलावा घेतला.

मी झर्काहून परतले तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले असतील. गल्लीच्या तोंडाशीच बातमी कळली. तशीच फव्वाजसाहेबांच्या घरात, बायकांच्या खोलीत शिरले. वीस-पंचवीस बायका काळ्या कपड्यांत, बिनसाखरेची कॉफी फिरत होती, आणि मधोमध केशरी फ्रॉकातली किंगा. कुणीतरी तिला बोटानं दाखवलं होतं, ती बघ फव्वाजसाहेबांची बायको. माझा पाय उंबऱ्यात असतानाच ती खणखणीत आवाजात बोलू लागली.

"आपले हार्दिक अभिनंदन. आपल्या पतिराजांनी त्यांचे आयुष्य मला प्रदान केले, हे मला आज प्रातःकाळी विदित झाले. मी त्यांची ऋणी आहे. ते कुठे आहेत? मी प्रत्यक्ष आभार मानू इच्छिते."



नजाह, फव्वाजसाहेबांची बायको, बुधवारपासून एक शब्द बोलली नव्हती की रडली नव्हती. तिनं मान वर केली आणि किंगाकडे नीट पाहिलं.

"अडतीस वर्षांत मला एक दिवस दिला नाही त्यांनी," ती सावकाश म्हणाली. "आणि तुला अख्खं आयुष्य दिलं?"

मग तिला हसू आलं. तिनं ओढणीचा बोळा तोंडात कोंबला, तरी खांदे हलत होते. तिची नणंद विदाद दात-ओठ खात म्हणाली, "नजाह, लोक बघताहेत." मी किंगाचा दंड धरून तिला बाहेर काढणार, तेवढ्यात नजाहनं हात वर केला.

"राहू दे तिला. इथं बसव, माझ्याजवळ."

घरी आल्यावर मी किंगाला खरा अर्थ सांगितला. तिचा चेहरा पांढराफटक पडला. "प्रत्येक शब्दाचा अर्थ मला ज्ञात होता, मावशी," ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. मग फोनवर परतीच्या विमानांची तिकिटं बघत बसली. मी जेवायला हाक मारली तर आली नाही.

सकाळी नजाहचं बोलावणं आलं. पोरीला पाठव, म्हणून. मला वाटलं, आता खरडपट्टी निघणार. किंगा काळा स्वेटर घालून गेली, आणि दुपारपर्यंत परत आली नाही.

आली ती जास्तच गोंधळून. नजाहनं तिला जवळ बसवून घेतलं होतं आणि बायका पांगल्या की बोलत राहिली होती, एकसारखी, हळू आवाजात. दहातला एक शब्द किंगाला कळायचा. "मी कथन केले की मला आकलन होत नाही," ती म्हणाली, "तर त्या उद्गारल्या, म्हणूनच."

मातमाचे तीन दिवस संपले, मांडव उतरला, तरी हे चालूच राहिलं. किंगा वर्गावरून आली की शेजारी जायची, आणि वहीची पानं भरून आणायची.

सोमवारी मी गच्चीवर टाकी भरतेय का बघत होते, तर ती वही घेऊन आली. "मावशी, 'कडी' या शब्दाचा अर्थ काय?"

मी सांगितलं, दाराला असते ती.

"आणि 'भायेरनं'?"

"बाहेरून."

तिनं दोन्ही शेजारी शेजारी लिहिलं. मग विचारलं, 'बोचकं' म्हणजे? कपड्यांचं गाठोडं, मी म्हटलं. 'अकरा वेळा' तिला कळलं होतं. 'इर्बिद' गावाचं नाव असावं, असा तिचा अंदाज होता. 'रुदैना' म्हणजे कुठला पदार्थ, असं तिनं विचारलं.

"ते बाईचं नाव आहे," मी म्हटलं. मग पाण्याची नळी खाली ठेवली आणि तिला वही पहिल्यापासून वाचायला लावली.

नजाहची बहीण इर्बिदला असते एवढं मी कधीतरी ऐकलं होतं. आता वहीतून बाकीचं कळलं. रुदैनाच्या नवऱ्याशी जमिनीवरून भांडण झालं, आणि फव्वाजसाहेबांनी बहिणीचं नाव घरात बंद केलं. ते नोकरीवर जायचे ते बाहेरून कडी घालून. निवृत्त झाल्यावर स्वतःच दाराशी बसले. अकरा वेळा नजाहनं बहिणीकडे जायला बोचकं बांधलं होतं. इर्बिद इथून बसनं दीड तास.

आणि आम्ही गल्लीतल्या बायका तिला 'राणीसाहेब' म्हणायचो. कुणाच्या उंबऱ्याला पाय लावत नाही, एवढा कसला तोरा, म्हणून. ते नाव मीच पाडलं होतं.

किंगानं विचारलं, "मी अनुचित प्रश्न केला का?" मी नाही म्हटलं. पण हे मला सांगून तिनं बरं केलं की वाईट, हे तिलाही कळेना आणि मलाही.

विदादनं फव्वाजसाहेब गेल्याची बातमी सगळीकडे कळवली, पण इर्बिदला कळवली नव्हती. नवरा गेला म्हणून नजाहला इद्दतीचे चार महिने दहा दिवस घराबाहेर पडायचं नव्हतं. माझा भाचा इर्बिदला मास्तर आहे. त्याला मी फोन केला, वहीत रुदैनाचा पत्ता म्हणून 'घड्याळाच्या चौकात शाळेच्या गणवेशांचं दुकान' एवढं होतं ते सांगितलं. दोन दिवसांत त्यानं रुदैनाला शोधलं.

ती शनिवारी सकाळी आली. जाडी, दम लागलेली बाई, हातात पिशवीभर भेंडी. मी तिला शेजारी घेऊन गेले. किंगा तिथंच होती. नजाहनं बहिणीला पाहिलं, मग माझ्याकडे वळली.

"तुला कुणी सांगितलं?"

"दोष माझा आहे," किंगा उभी राहून म्हणाली. "मी शब्दांचे अर्थ विचारले."

नजाहनं तिला हातानंच बस म्हटलं. डोळे माझ्यावरच होते.

"एकोणीस वर्षं आपली भिंतीला भिंत आहे," ती म्हणाली. "ही येऊन पंधरा दिवस नाही झाले, हिनं विचारलं. तू एकदा तरी विचारायचंस."

ओशाळून मी रुदैनासाठी चटई अंथरली.

रुदैनानं चटईवर बैठक मारली, भेंडी ओतली आणि देठं काढायला घेतली. नजाहनं स्वयंपाकघरातून दुसरी सुरी आणली आणि समोर बसली. मिठी नाही, रडणं नाही, कशी आहेस सुद्धा नाही. अर्धा तास दोघी नुसत्या भेंडी निवडत होत्या.

किंगानं माझ्या कानाशी येऊन विचारलं, "मावशी, यांचं भांडण झालंय का?" पहिल्यांदाच ती आमच्यासारखं बोलली, ते तिच्या ध्यानातही आलं नाही.

"मला नाही माहीत गं," मी म्हटलं. खरंच माहीत नव्हतं.

रुदैनानं वर न बघता भेंडीचा एक ढीग आमच्याकडे सरकवला, आणि आम्ही दोघीही खाली बसलो.