सड्यावरचा ट्रॅक्टर

दीपकने ट्रॅक्टर बनवला आणि तो चालला, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर लोकांना वाटतं, गावातला कुणी चक्रम भंगार जुळवत बसला आणि तोंडावर आपटला. तसं अजिबात नाही. मिरजोळ्याच्या एमआयडीसीत तो रोज पोकलेनचे सिलिंडर खोलून भरायचा. त्याच्या हातून गेलेला सिलिंडर पुन्हा गळत आला, असं कधी झालं नाही.

नाटे बंदरातल्या मन्सूरभाईने त्याला होडीचं जुनं इंजिन दिलं. इंजिन पंप फिरवणार, पंप तेल ढकलणार, आणि ते तेल पाइपांतून जाऊन मागच्या दोन चाकांच्या दोन मोटरी फिरवणार. गिअरबॉक्स नाही, क्लच नाही, भानगडच नाही. रुंदी मात्र त्याने बेताची ठेवली, कारण मळ्यात उतरायची दगडी गडग्यांमधली वाट बैलजोडीपुरतीच होती.

हा खटाटोप कशासाठी? तर वाडीत शेती करणारी घरं उरली होती चार. बाकीच्या दारांना कुलपं. त्या चारही घरांचा मळा नांगरायची आप्पाची, म्हणजे दीपकच्या वडिलांची, एकच जोडी. आप्पाने सगळ्यांचं जोत धरायचं आणि बदल्यात चारही घरच्या बायकांनी एकमेकींची लावणी काढायची, असं वर्षानुवर्षं चाललेलं. जोत थांबलं की चारही घरं थांबली. आणि आप्पाचे गुडघे तर पार गेले होते. चिखलात नांगरामागे लंगडणारा बाप बघितला की दीपकला जेवण जात नसे.

"एक वर्ष मळा पड गेला ना, की परत कोण हात लावत नाय," शेजारची राजश्रीवहिनी म्हणायची. तिचा मुलगा दर गणपतीला येऊन मुंबईला चल म्हणून मागे लागायचा. "शेती हाय म्हणून मी हितं हाय. नायतर कधीच नेलान असतान मला."

मे महिन्यात ट्रॅक्टर सड्यावर नेला. आमच्याकडे सायकल शिका, मोटरसायकल शिका, नाहीतर क्रिकेट खेळा, सपाट जागा म्हणजे वरचा सडाच. सगळा जांभ्याचा कातळ, टणक. आणि काय चालला म्हणता तो ट्रॅक्टर! चढ चढला, जागच्या जागी वळला, मागे दगड बांधला तोही फरफटत नेला. बायकांनी टाळ्या वाजवल्या. आप्पाने, ज्याने जन्मात कुणाला बरं म्हटलं नव्हतं, ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली आणि इंजिनाच्या पत्र्यावरून हात फिरवला. दीपकला त्या दिवशी आभाळ ठेंगणं झालं होतं.

"अहो, पण चिखलात कधी बघणार?" त्याच्या बायकोने, दर्शनाने विचारलं.

"मे महिन्यात चिखल कुठून आणू?"

"मळ्याच्या एका कोपऱ्यात पाणी सोडून बघा की."

पाणी! विहिरीचा तळ दिसत होता, बायका एकेका हंड्यासाठी ताटकळत बसायच्या, आणि हा पाणी जमिनीत जिरवणार? वाडीने त्याला दगड मारले असते. तेव्हा त्याचंही खरं होतं. पण मग पावसापर्यंत थांबायचं होतं ना बाबा! बैल तरी ठेवायचे होते! नाही. "आप्पा, जोडी विकून टाका. आता तुमी बांधावर बसून बगायचं," असं म्हणून मोकळा. आप्पाने एका शब्दाने विचारलं नाही. पोरगा सांगतोय म्हणून बैल टेम्पोत चढवले आणि त्या दिवशी जेवला नाही.

जुलैत मळे पाण्याने भरले. भाताच्या रोपांचा तरवा तयार होता, हिरवागार. चारही घरच्या बायका प्लास्टिकच्या खोळी पांघरून बांधावर उभ्या. आप्पाने नारळ फोडला. दीपकने ट्रॅक्टर मळ्यात घातला, जेमतेम त्याच्या लांबीएवढा पुढे गेला, आणि डावं चाक गरगर फिरायला लागलं. उजवं गप्प. दीपकने लिव्हर ओढला तसं डावं अजूनच जोरात फिरलं, फिरत फिरत खाली गेलं, आणि ट्रॅक्टर पोटावर बसला.

आणि दीपकला तिथेच, सीटवर बसल्या बसल्या, सगळं कळलं. एकाच पंपाचं तेल दोन मोटरींना. तेल तिकडेच जाणार, जिकडे अडवणूक कमी. सड्यावर दोन्ही चाकांना सारखी पकड होती म्हणून ती सारखी फिरली. चिखलात एक सुटं झालं, तर सगळं तेल त्याच्यातच. बागेला पाट सोडताना हेच तर लहानपणापासून करत आलो आपण, उताराला पाणी पळतं म्हणून दगड लावत आलो! त्याला रडू आलं, आणि तो सगळ्यांसमोर रडला.

"काय झालं रं?" आप्पाने विचारलं.

"एक व्हॉल्व्ह लावायला हवा होता, आप्पा. तेल दोन्हीकडं सारखं वाटणारा."

"मग लाव."

व्हॉल्व्ह कोल्हापूरहून यायचा होता आणि घाटात दरड आली होती. दीपक बैल मागत गावोगाव फिरला. हंगामात आपली जोडी कोण देतो? भाड्याचा पॉवर टिलरवाला उद्या येतो, परवा येतो म्हणत राहिला, आणि आला तेव्हा तरवा जून होऊन पिवळा पडला होता, लावण्याजोगा राहिला नव्हता. राजश्रीवहिनीने मूठभर उपटून बघितला आणि बांधावर ठेवून दिला. कुणी दीपकला एक शब्द बोललं नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं त्याला.

गणपतीत राजश्रीवहिनीचा मुलगा आला. या वेळी त्याला मागे लागावं लागलं नाही. गौरी-गणपती पोचवून ती त्याच्याबरोबर गेली, आणि महिनाभरात उरलेली दोन घरंही आपापल्या पोरांकडे गेली. जाताना दर्शनाजवळ किल्ल्या ठेवून गेली.

मग दीपकने व्हॉल्व्ह बसवला. गवत माजलेल्या मळ्यात अजून चिखल होता, त्यातच ट्रॅक्टर घातला. या बांधापासून त्या बांधापर्यंत गेला, वळला, परत आला. दोन्ही चाकं सारखी फिरली. कुठे म्हणून रुतला नाही.

आप्पा बांधावर बसून बघत होता. "झ्याक चालतो," तो म्हणाला.

"पुढच्या वर्षी चारही घरांचं नांगरून देतो बगा, आप्पा. तुमाला हातसुदीक लावायला नको."

आप्पाने वाडीकडे बघितलं. त्यांच्या एका घरातून तेवढा धूर निघत होता.

"चार घरं कुठली रं आता?" तो म्हणाला. "आपल्या एका घरापुरतं तर मी कुदळीनंबी खणीन."

दीपकने इंजिन बंद केलं.