वळणावरची पायरी

तळमजल्यावरच्या राहीबाईंची कडी वाजवून गौतमी एक पाऊल मागे सरली आणि काय बोलायचं ते तिने मनात पुन्हा एकदा जुळवून पाहिलं. काकी, ती चावी जरा हवी होती. एवढंच तर म्हणायचं होतं. शाळेत दिवसभर पोरांवर ओरडूनही जिचा घसा बसत नाही, त्या बाईला एवढेसे शब्द जड जावेत हे खरं तर हसण्यासारखं होतं. हसू मात्र आलं नाही.

"ये गो बाय. दारात कशाला उभी?" राहीबाईंनी आतूनच हाक मारली. त्या विळीवर बसून अळूच्या भाजीवर घालायला नारळ खवत होत्या.

चावी समोरच होती. देवाच्या फळीखालच्या खिळ्याला, हिरव्या नाडीत ओवलेली. दर वर्षी जूनच्या सुरुवातीला ती तिथे टांगली जायची आणि पाऊस पुरता ओसरला की वर परत यायची. महाडात तळमजल्यावर राहायचं तर वरच्या मजल्यावर एक घर आपलं असावं लागतं. सावित्री आणि गांधारी या नद्या एकदा फुगल्या की कुणाला विचारून आत येत नाहीत. वरची माणसं कामावर गेलेली असली तरी खालच्यांना फ्रिज, गाद्या, तांदळाचं पिंप वर नेता यावं, म्हणून वरच्यांची चावी पावसाळाभर खाली ठेवायची. हे कुणी बसून ठरवलं नव्हतं आणि आजवर कुणी मोडलंही नव्हतं. गौतमीने यंदाही ती सवयीने टांगून टाकली होती. तेव्हा घर विकायचं काही डोक्यात नव्हतं.

"काही काम होतं का गो?"

"नाही. असंच आले."

"मग अळू घेऊन जा. एकटीपुरतं काय रांधतेस तू, मला म्हाईत हाय."

गौतमी अळूची वाटी घेऊन जिना चढली. चावी खिळ्यालाच राहिली.

वर आल्यावर तिने वाटी ओट्यावर ठेवली आणि खुर्चीत बसून राहिली. हल्ली ती अशी बसायची. दुःख होतंय म्हणावं तर तसंही नव्हतं. दाताच्या डॉक्टरने इंजेक्शन दिल्यावर गालाला बोट लावलं तर गाल दुसऱ्याचाच वाटतो, तसं काहीतरी होतं. जानेवारीत एका सकाळी दाढी करता करता तिच्या नवऱ्याच्या, विपुलच्या छातीत कळ आली होती. इथल्या डॉक्टरांनी मुंबईला हलवा म्हणून सांगितलं. अॅम्ब्युलन्स निघाली आणि माणगावच्या अलीकडेच परत फिरली. त्या दिवशी ती रडली नाही, नंतरही नाही. लोकांना तो धीर वाटला. गौतमीताई खंबीर आहेत हो, असं बाया एकमेकींना सांगत होत्या आणि ती ते ऐकत चहाचे कप विसळत होती.

"मुंबईत असता तर भावोजी वाचले असते," कळंबोलीचा भाऊ, प्रितम, तेव्हाच म्हणाला होता. तो वाईट मनाने बोलला नव्हता, पण ते वाक्य घरात पाहुण्यासारखं आलं आणि मुक्कामालाच राहिलं. महाडात राहणाऱ्याला हे तसं नवीन नाही. इथे पोरगं हुशार निघालं तर मुंबईला जातं, आजार मोठा निघाला तर मुंबईला जातो, आणि मधला तो हायवे, तो झाला की सगळं जवळ येणार असं लोक कधीपासूनचे सांगत आहेत. शाळेत तिच्याबरोबर नोकरीला लागलेल्या बायकांची पोरंसुद्धा आता तेच सांगतात.

मे महिन्यात प्रितमने तिच्यासाठी पनवेलच्या एका शाळेत शब्द टाकला. ती हो म्हणाली. जूनच्या शेवटी त्यानेच घराला गिऱ्हाईक पाठवलं. ती त्यालाही हो म्हणाली. नाही म्हणायला थोडी तरी ताकद लागते.

गिऱ्हाईक म्हणजे यशराज नावाचा पनवेलचा तरुण. स्वतः राहायला येणार नव्हता. एमआयडीसीत नवीन लागलेल्या पोरांना खोल्या भाड्याने द्यायच्या, असा त्याचा हिशेब होता. त्याने नळ सोडून पाहिले, भिंतीवर बोटाने वाजवून पाहिलं आणि महाडचा माणूस सोडून बाकी सगळे विचारतात तो प्रश्न विचारला.

"पाणी कुठपर्यंत येतं, मॅडम?"

"इथपर्यंत नाही येत."

"मग झालं. चाव्या किती आहेत?"

"दोन."

"दोन्ही लागतील. पुढच्या रविवारी येतो, तेव्हा सगळं बोलून टाकू."

तेव्हापासून ती खाली जात होती आणि काहीतरी खायला घेऊन वर येत होती. आधी फणसाची भाजी, मग घावन, आज अळू. चावी मागायची म्हणजे घर विकतेय हे सांगायचं. ते सांगायचं म्हणजे राहीबाईंच्या भिंतीवरच्या पुराच्या पाण्याच्या रेघेकडे पाहत सांगायचं. दर दिवाळीला राहीबाईंचे यजमान भैरूकाका तिच्यावर रंग फासायचे आणि दर आषाढात ती पुन्हा ओल धरून वर यायची.

विपुल असताना सामान चढवण्याच्या दिवशी घरात जत्राच असायची. तो एमआयडीसीत एका कंपनीच्या स्टोअरला होता, त्यामुळे जगातल्या कुठल्याही सामानावर आपलाच हक्क अशी त्याची समजूत. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून तो दारासमोर उभा राहायचा आणि उचलण्यापेक्षा ओरडायचा जास्त. जिन्याच्या वळणावरच्या पायरीचा कोपरा बिल्डर गेला तेव्हापासूनच तुटलेला. खालून कुणी ओझं घेऊन वर येऊ लागलं की याची हाक ठरलेली.

"वळणावरची पायरी बघून रे!"

आणि खालून भैरूकाकांचं उत्तरही ठरलेलं. "बघितली रे बाबा, दर साली काय सांगतोस!"

दोघांनाही ती पायरी पाठ होती. तरी हे झाल्याशिवाय फ्रिज काही वर यायचा नाही. गौतमी तेव्हा चिडायची. चहा गार होतोय, तुमचं चाललंय काय, म्हणून आतून ओरडायची.

गुरुवारी ती पोलादपूरच्या शाळेतून साडेपाचच्या एसटीने आली तेव्हा राहीबाई जिन्याखालीच उभ्या होत्या. तिची वाट पाहत असाव्यात. त्यांनी पदराची गाठ सोडली आणि हिरव्या नाडीची चावी तिच्या हातावर ठेवली.

कळलं वाटतं यांना.

"काकी, मी सांगणारच होते..."

"तू काय सांगणार? तू सांगायची नायस, म्हणून तर मीच आले," राहीबाई आवाज खाली आणून म्हणाल्या. "यंदा नको गो बाय. विपुल होता तवा गोष्ट येगळी. आता तू एकटी. आमचे बाप्ये तुझ्या घरात वर-खाली करणार, तू नसताना कुलूप उघडणार. लोकांची तोंडं वाईट. तुला उगाच बोल नको. आमच्या सूरजनं समोर रेशनच्या दुकानावरली खोली बघून ठेवलीय. तितं टाकू सामान."

"पण काकी..."

"तू मनाला लावून घेऊ नकोस. चावी घरातच ठेव, नीट." आणि त्या आत गेल्या. दार त्यांनी नेहमीसारखं सताड उघडं ठेवलं नाही, अर्धं लोटून घेतलं.

जे मागायला जीभ रेटत नव्हती ते न मागता हातात आलं होतं. गौतमीला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. ती त्या पायरीवरून वर आली, दोन्ही चाव्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि त्यांच्याकडे पाहत बसली. राहीबाईंनी तिची अब्रू सांभाळली होती आणि तिने त्यांना खरं सांगितलं नव्हतं. याची लाज वाटायला हवी, हे तिला कळत होतं. वाटत नव्हती, एवढंच. रात्री अळूची वाटी घासून तिने पालथी घातली.

शनिवारी सकाळपासून पाऊस थांबायचं नाव घेईना. शाळांना सुट्टी जाहीर झाली. दुपारी दासगावकडचं पाणी रस्त्याला लागल्याचं कुणीतरी सांगत गेलं आणि थोड्याच वेळात नगरपालिकेचा भोंगा वाजला. महाडात तो भोंगा वाजला की बोलत बसत नाहीत. खालच्या घरांतून भांड्यांचे, पलंग ओढल्याचे, हाकांचे आवाज सुरू झाले.

गौतमी गॅलरीत आली. गल्लीत पाणी घोट्यापर्यंत आलं होतं, गढूळ, काड्याकुड्या घेऊन फिरणारं. राहीबाईंचा मुलगा सूरज प्लास्टिकात गुंडाळलेला टीव्ही डोक्यावर घेऊन समोरच्या दुकानाकडे निघाला होता. त्याच्या मागून राहीबाई गादीचं एक टोक धरून चालल्या होत्या आणि दुसरं टोक पाण्यात भिजत ओढलं जात होतं. सगळ्यात मागे भैरूकाका. एका हातात काठी, दुसऱ्या हाताने छातीशी धरलेली देवांची टोपली. ते मध्येच थांबले, काठीने पाण्याखालची गटाराची कड शोधू लागले. ती सापडेना. माणूस भर पावसात आपल्याच दारासमोर उभा होता आणि त्याला पुढचं पाऊल टाकता येत नव्हतं.

घर इथे वर, रिकामं, कोरडं. टेबलावर दोन चाव्या.

आपण खाली केव्हा आलो ते गौतमीला कळलं नाही. पाणी गार लागलं तेव्हा कळलं. तिने भैरूकाकांचा दंड धरला.

"वर चला."

"अगो, पण सूरजनं तितं..." राहीबाई गादी धरूनच वळल्या.

"काकी, वर चला म्हणते ना. सूरज, फीर मागे!"

"मॅडम, पण लोक..."

"लोकांना पोहायला लागू दे आधी, मग बोलतील."

ती धावत वर गेली. टीपॉय उचलून पलंगावर ठेवला, सोफा भिंतीला लोटला, विपुलची बसायची खुर्ची उचलली आणि क्षणभर ती घेऊन तशीच उभी राहिली. मग बुद्धाच्या मूर्तीखालच्या कोपऱ्यात नेऊन ठेवली. जागा झाली. जिन्यात ओल्या पायांचे आवाज यायला लागले. सूरजचं धापा टाकणं, काठीची टकटक. आवाज वळणाजवळ आले तशी गौतमी दाराबाहेर आली, आणि काही विचार करायच्या आत तिच्या तोंडून बाहेर पडलं.

"वळणावरची पायरी बघून रे!"

"बघितली रे विपुल," भैरूकाका खालून सवयीने म्हणाले, "दर साली काय सांगतो..."

शब्द अर्धाच राहिला. काठीची टकटक थांबली.

भैरूकाका वळणावर उभे होते, टोपली छातीशी धरून, वर बघत. त्यांची हनुवटी हलत होती. त्यांच्या मागे राहीबाई. त्यांनी पदर तोंडाला लावायचा म्हणून हात उचलला, पण हातात गादीचं टोक होतं.

गौतमीला काहीतरी बोलायचं होतं. काही नाही काका, या वर, असलं काहीतरी. तोंड उघडलं आणि त्यातून निघालेला आवाज तिला ओळखता आला नाही. तिने दाराची चौकट धरली. तो आवाज पुन्हा आला, मग पुन्हा, आणि मग थांबेचना. जानेवारीपासून आत कुठेतरी बसून राहिलेलं सगळं एकदम वर आलं. चेहरा झाकावा एवढंही भान तिला राहिलं नाही. ती विपुलचं नाव घेत होती आणि लहान पोरीसारखी रडत होती.

उद्या रविवार होता. यशराज येणार होता. त्याला काय सांगायचं ते तिला ठाऊक नव्हतं.

"रड गो बाय," राहीबाई खालून म्हणाल्या. त्यांचाही आवाज भरून आला होता. "पोटभर रड. पण जरा बाजूला होऊन रड, सूरजच्या डोक्यावर टीव्ही हाय."

गौतमी रडत रडतच बाजूला झाली आणि तिने दार भिंतीला टेकेपर्यंत उघडलं.