पोर्टाची भावकी

राम राम मंडळी. हातपाय नसताना जन्मभर ओझी वाहिलेला मी 'पोर्ट' बोलतोय. बंदर नव्हे, लॅटिन भाषेतला एक जुना शब्द. अर्थ एवढाच, वाहून नेणं.

जन्म रोमचा. तिथून फ्रान्सला गेलो, मग विलायतेला. धंद्यात एकट्याचं भागत नाही, म्हणून पोरं वाढवली. माल आत आणतो तो इंपोर्ट, बाहेर नेतो तो एक्स्पोर्ट, इकडचा तिकडे करतो तो ट्रान्सपोर्ट. बातमी परत आणतो तो रिपोर्ट. स्टेशनावरचा पोर्टर बापाच्या वळणावर गेला. स्पोर्टसुद्धा आमचाच, माणसाचं मन कामावरून उचलून भलतीकडे नेतो. असा एखादा उडाणटप्पू प्रत्येक घरात निघतोच.

साहेब गेला, आम्ही राहिलो. सातारा-सांगलीकडे तर चांगलं बस्तान बसलं. इथं माणसाला आडनावाआधी धंद्यावरून ओळखतात. साताऱ्याच्या अर्जुनाचे ट्रक, म्हणून ते घर 'ट्रान्सपोर्टवाले'. सांगलीचे भाऊसो हळद परदेशी धाडत, म्हणून ते 'एक्स्पोर्टवाले'. खरं सांगू? वर्षाकाठी चार पोती जायची, पण दुकानावरची पाटी आठ हात लांब.

चौऱ्याहत्तर साली भाऊसोंच्या मनूला अर्जुनाचं स्थळ आलं. दुकानातच बैठक बसली. मनूनं चहा देताना मान वर करून पोरगा नीट बघून घेतला आणि आत जाऊन आईला म्हणाली, "ह्योच."

सुपारी फुटायची, तोच अर्जुनाच्या मामांनी हात वर केला. हे जोतिबा, निवृत्त हवालदार. पलटणीतून येताना त्यांनी एक जाडजूड इंग्रजी शब्दकोश आणलेला, त्याचं रोज पारायण चाले.

"थांबा! ह्ये लगीन हुईत न्हाई. ट्रान्सपोर्ट आन् एक्स्पोर्ट, दोगांचा बाप एकच. पोर्ट! ही भाऊ-भन हायती."

"आवं मामा, आमचं देवक निराळं, कूळ निराळं," भाऊसो म्हणाले.

"मराठीत असंल. इंग्रजीत भावकी लागतीय."

कोणी हसलं नाही. भावकीत सोयरीक म्हटल्यावर माणसं चपला शोधू लागली. अर्जुनाची आई बनुबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "बरं झालं बाई, येळंवर कळलं." अर्जुना बिचारा बशीतला चहा बशीतच ठेवून उठला.

मी वर पाटीवरून सगळं ऐकत होतो. ओरडावंसं वाटत होतं, अहो, आमचं नातं काढायचं तर जकात नाक्यावर काढा, पोरीच्या लग्नात कशाला? पण पाटीचं ऐकतो कोण!

तेवढ्यात मनू दारात आली. डोळे भरलेले, आवाज मात्र पक्का.

"मामा, पोर दत्तक दिलं की कूळ बदलतं, व्हय का न्हाई?"

"व्हय."

"मग आमची पाटी दत्तक द्या की!"

"दत्तक दिलं तरी रगत ऱ्हातंयच," बनुबाई म्हणाल्या.

"शब्दाला कुठलं आलंय रगत, आत्ती?"

या हिशेबानं मूळची अडचणही उरत नव्हती. पण ते कुणाच्या ध्यानात आलं नाही, आणि मनूनं आणून दिलं नाही. सौदा जमत असताना जास्त बोलू नये, हे तिला बापापेक्षा जास्त कळत होतं.

जोतिबांनी चष्मा पुसून पानं उलटली. "कंपनी घ्या. लय खानदानी घरानं. मूळ अर्थ, एकत्र भाकरी खानारी मानसं."

"भाकरी म्हंजे जुंधळ्याची?"

"त्येंच्यात पाव."

"पाव तर पाव. खाऊनपिऊन सुखी हाय न्हवं?" भाऊसो म्हणाले, आणि दत्तकाची साखर वाटली.

दस्तगीर पेंटर शिडी घेऊन आले. "भाऊसो, पोर्ट खरवडू का वरनं रंग मारू?"

"रंग मारा. म्हाताऱ्याला इजा नको."

माझ्यावर पांढरा हात फिरला आणि 'हळद कंपनी' उमटली. त्याच महिन्यात मनूच्या डोक्यावर अक्षता पडल्या. वरातीला मी अर्जुनाच्या ट्रकच्या कपाळावर होतो, 'ट्रान्सपोर्ट'च्या शेपटाला. एका घरातून निघालो तरी मांडव चुकला नाही.

पुढं सासऱ्या-जावयानं धंदा एक केला. आता ट्रकवर नवी अक्षरं आहेत, 'मनू ट्रान्सपोर्ट कंपनी'. मी आणि तो भाकरीवाला शेजारी शेजारी.

विनंती एकच. आम्हाला खुशाल वापरा, वाटेल तसं लिहा. पण पोरीबाळींच्या सोयरिकीत आमची मुळं उकरू नका.

अर्जुनानं गाडी चालू केली. मागं पोती, पुढं मनू, तिच्या मांडीवर भाकरीचं गाठोडं. कऱ्हाडच्या अलीकडं कुठंतरी सावली बघून दोघं जेवतील, तोवर मी ओझं धरून उभा राहीन. येऊ का?