हमजाची तिसरी जागा

अकलूजहून परीक्षक म्हणून आलेल्या कुंडलिक सरांना चारची एस.टी. गाठायची होती. सव्वातीनला नाजनीननं आपला एम.एस्सी.चा प्रोजेक्ट दाखवायला कॉम्प्युटर लावला आणि वीज गेली.

"यूपीएस?" परीक्षकांनी विचारलं.

"तो नुसता शोभेचा हाय, सर," मागून गुरु म्हणाला.

"मग मी काय बघू? प्रोग्रॅम चालला नाही तर पन्नासपैकी शून्य. पुढच्या वर्षी या."

नाजनीनला पुढच्या महिन्यात पुण्याच्या औषध कंपनीत रुजू व्हायचं होतं, आणि तेही पास होऊन.

पाण्यात टाकलेलं आम्ल थोडं फुटतं, थोडं तसंच राहतं. फुटलेलं किती, ते तिचा प्रोग्रॅम काढायचा. गोची अशी की उत्तर काढायला उत्तरच लागतं! म्हणून आधी एक आकडा धरायचा, सूत्रात घालायचा, येईल तो पुन्हा घालायचा. लागोपाठ दोन आकडे सारखे आले की थांबायचं.

"हातानं सोडवू, सर?"

"ते तुझं गणित झालं," सर म्हणाले. "प्रोग्रॅम कुटं हाय?"

नाजनीननं दाराशी घुटमळणाऱ्या नऊ वर्गमित्रांकडं पाहिलं. "हा काय, सर. एकेक जण म्हणजे एकेक फेरी."

सर हसले, घड्याळ पाहिलं, आणि खुर्ची ओढून बसले.

प्रत्येकाला तीच चिठ्ठी मिळाली: दहातून मागचा आकडा वजा करा, एक पॉइंट चारनं गुणा, वर्गमूळ घ्या, दोन दशांश ठेवा, पुढं द्या. बाकी डोकं वापरायचं नाही. दोन वर्षं कुणी किती काचेच्या ब्युरेट फोडल्या, कुणी कुणाचं रीडिंग ढापलं, हे नाजनीनला रोल नंबरासकट पाठ होतं. भरवसा कमी त्याला जागा आधीची. पहिला गुरु, दुसरी त्याच्याशी अखंड भांडणारी भुवनेश्वरी, तिसरा हमजा. शेवटी सबा, जी चहातली साखरसुद्धा मोजून घालते.

सुरुवात शून्यापासून. गुरुनं ओरडून सांगितलं, "तीन पॉइंट चौऱ्याहत्तर!"

"बहिरी न्हाय मी," भुवनेश्वरी म्हणाली. "दोन पॉइंट शहाण्णव."

हमजानं बटणं दाबली. "नऊ पॉइंट शहाऐंशी."

खोली खिदळली. सरांनी त्याचा कॅल्क्युलेटर हिसकून बघितला. "लेका, वर्गमूळ कुणी घ्यायचं? तुझ्या आज्ज्यानं?"

"दबाया की रूट मैं!" हमजा कळवळला.

तीन चाळीस. "आता परत पहिल्यापासून?" सरांनी बॅगेला हात घातला. नाजनीननं हमजाचा आकडा पुन्हा पाहिला. तो दहाच्या आत होता; टाकलेलं आम्लच दहा भाग, त्याहून जास्त काही फुटलेलं नव्हतं.

"नको, सर. जाऊ द्या पुढं."

"चुकीचा आकडा?"

"सुरुवातीचा शून्य तरी कुठं बरोबर होता?"

चौथ्याकडं शून्य पॉइंट चव्वेचाळीस झालं. भुवनेश्वरीनं कपाळाला हात लावला. पाचव्याकडं एकदम तीन पॉइंट सहासष्ट. मग दोन पॉइंट अठ्ठ्याण्णव. आकडा झोपाळ्यासारखा इकडून तिकडं, पण दर खेपेला झोका लहान. तीन पॉइंट तेरा. तीन पॉइंट दहा. आता कुणी बसलेलं नव्हतं. सगळे सबाच्या खांद्यावरून वाकले होते.

"श्वास सोडा रे तिकडं," सबा म्हणाली, आणि तिनं तीनदा तपासून सांगितलं, "तीन पॉइंट अकरा."

माणसं संपली. जुळवायला आणखी एक आकडा हवा होता, आणि नाजनीन स्वतः हात लावणार नव्हती. तिनं चिठ्ठी गुपचूप सरांपुढं सरकवली.

सरांनी चष्मा चढवला. दहातून वजा. गुणिले. वर्गमूळ, हमजाकडं बघत, बटण ठासून. "तीन पॉइंट अकरा! जुळलं की गं!"

बाकं बडवली गेली. हमजाला उचलून धरायचा प्रयत्न झाला. तो जमला नाही.

सरांनी मार्कांच्या कागदावर पेन टेकवलं आणि थांबले. "आणि हा पठ्ठ्या नवव्या जागी असता तर?"

"म्हणून तर तिसऱ्या जागी बसवला, सर."

सरांनी अठ्ठेचाळीस मार्क लिहिले. चार वाजून गेले होते. पंखे फिरू लागले, कॉम्प्युटरनं टुणकन आवाज केला. तिकडं कुणी बघितलं नाही. सर बाह्या सरसावून सांगत होते, "आता शून्याऐवजी सातापासून सुरू. गुरु, ओरडू नको. आणि हमजा, तू चूक बरं का, मनमोकळा चूक."