दुसऱ्या लाइनवरचा फोन

“मी या खुर्चीत असेपर्यंत वायर काढायची नाही,” ताईंनी मान न वळवता सांगितलं. “माझी ड्यूटी संपली की काय ते कर.”

“तुमच्यानंतर दुसरं कुणीतरी बसणारच ना, ताई? ही खोली रिकामी कधी असते, तेवढं सांगा.”

दारात उभ्या असलेल्या नेटवाल्याचं काही चूक नव्हतं. संस्थेच्या रुग्णवाहिकांसाठी येणारा प्रत्येक फोन याच खोलीत यायचा, आणि तोही इंटरनेटवरून. म्हणून साहेबांनी दुसऱ्या कंपनीची आणखी एक लाइन घेतली होती, तिच्यासाठी वेगळा राउटर आणला होता. पहिली लाइन गेली की दुसरीने आपोआप काम उचलायचं, अशी जोडणी नेटवाल्याने सकाळपासून खपून केली होती. पण ती खरोखर चालते का, हे पाहायचं तर चालू लाइनची वायर उपटण्याशिवाय इलाज नव्हता.

“वायर काढलीस की चालू फोन तुटेल?” ताईंनी विचारलं.

तो क्षणभर घुटमळला, पण खोटं बोलला नाही. “चालू असलेला तुटेल. नवीन मात्र लगेच येतील.”

तुटेल. मागे एकदा लाइन गेली होती, तेव्हा ताईंच्या कानाशी फोनवर एक लहान मुलगी होती. “आई उठतच नाहीये,” एवढंच ती बोलली. “बाळा, घर कुठे आहे तुझं?” ताई विचारत होत्या आणि फोन मुका झाला. पडद्यावर नंबरही उमटला नव्हता. लाइन आल्यावर ताई दिवसभर त्या आवाजाची वाट पाहत बसल्या. शेजारीपाजारी धावले असतील, दुसरी गाडी मिळाली असेल, असं सगळ्यांनी समजावलं. ताईंनी मान डोलावली. पण त्यानंतर जेवताना मध्येच घास त्यांच्या हातात तसाच राहायचा आणि सून हळूच म्हणायची, “आई, जेवण निवतंय.”

साहेब केबिनमधून बाहेर आले. “ताई, आज उरकूनच टाकू. पुढच्या वेळी लाइन जाईल ती काही तुम्हाला विचारून जाणार नाही.”

तेवढ्यात आलेला एक फोन ताईंनी घेतला. हातातला फोन संपला. खोली शांत झाली. त्यांनी टेबलाची कड घट्ट धरली. “काढ.”

आतल्या खोलीत खट् आवाज झाला. फोनवरचा हिरवा दिवा विझला. शेजारच्या कॉम्प्युटरवर गाड्यांचा नकाशा जरा अडखळला आणि पुन्हा हलू लागला. फोन मात्र काळाठिक्कर.

“आला का?” आतून हाक आली.

“नाही.”

“आता?”

“नाही रे! लाव ती वायर! लाव आधी!”

त्याने लावली, तरी दिवा लगेच येईना. आला तो घंटीसकटच.

“मेलात की काय सगळे?” पलीकडचा माणूस ओरडत होता. “कधीचा लावतोय! भाऊ पडलाय माझा, शिडीवरून!”

ताईंनी पत्ता घेतला, गाडी धाडली, त्याला धीर दिला. थोड्या वेळाने ड्रायव्हरचा निरोप आला. पाय मोडला होता, माणूस शुद्धीवर होता.

“बास,” साहेब म्हणाले. “आहे तसं राहू दे. गुंडाळा.”

नेटवाल्याचा चेहरा पडला होता. लॅपटॉपमध्ये डोकं घालून तो काहीतरी धुंडाळत होता. “सापडलं साहेब. माझीच चूक. दोन्ही राउटरना मिळून एक सामायिक पत्ता ठेवलाय, ज्याची लाइन चालू तो त्यावर उत्तर देतो. कॉम्प्युटरना तो दिला, फोनना द्यायचा राहिला. ते पहिल्याचंच दार ठोठावत बसले. आता दिलाय. एकदाच अजून—”

“एकदाही नाही!”

ताईंनी खुर्ची वळवली. “काढू द्या त्याला.”

“ताई? तुम्हीच तर नको म्हणत होतात!”

“म्हणत होते. पण आत्ता हा इथे आहे, वायर याच्या हातात आहे. चुकलं तर लगेच लावेल. उद्या हा घरी असताना गेली, तर मी कुणाला हाका मारू?”

साहेब खिडकीशी जाऊन उभे राहिले.

पुन्हा खट्. दिवा विझला. ताईंनी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा दिवा लागलेला होता, आणि त्या काही बोलणार एवढ्यात घंटी वाजली.

“अहो, आमची ही न्हाणीघरात पडलीये,” एक म्हातारा आवाज कापत होता. “उठताच येत नाहीये तिला.”

“घाबरू नका आजोबा. शुद्धीवर आहेत ना?”

“शुद्धीवर? मला बोल लावतेय केव्हाची!”

ताईंनी पत्ता विचारून घेतला, गाडी सोडली. नेटवाला हसऱ्या चेहऱ्याने दारात आला. वायर हातातच होती. “जमलं की हो ताई! आता ही परत लावतो.”

ताईंनी तळहात उभा धरला आणि फोनवर हात ठेवून विचारलं, “लावलीस तर हा तुटेल?”

“तुटेल. पुन्हा पहिल्या लाइनवर जाताना—”

“मग थांब.”

“गाडी तर निघालीय, ताई.”

“थांब म्हटलं ना.”

तो थांबला. साहेबही थांबले. आजोबा बोलत राहिले, ताई हुंकार देत राहिल्या. मग पलीकडे दार वाजलं. “आली बरं का, आली गाडी!” म्हणून आजोबा फोन तसाच टेबलावर टाकून गेले. ताईंना कडी सरकलेली ऐकू आली, ड्रायव्हरचा ओळखीचा आवाज आला, “आजी, धरा मला घट्ट.” मग आजींचा, दुखण्याने चिरकलेला: “अहो, किल्ली घ्या. आणि तो सदरा अडकवा अंगात, असे येणार का?”

दार ओढलं गेलं. कुलूप लागलं. त्या रिकाम्या घरात कुठेतरी नळ ठिबकत होता. ताईंनी तो थोडा वेळ ऐकला आणि आपल्या हाताने फोन ठेवला.

“लाव आता,” त्या म्हणाल्या.